मुलांच्या चित्रकथाकाराचा व्यवसाय : पोथीपासून ग्राफिक नॉव्हेलपर्यंत

मुलांसाठी चित्रकथा रचणे हा भारतात पोटापाण्याचा स्वतंत्र व्यवसाय झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मुंबई हे त्याचे पहिले मोठे केंद्र. पुणे, मद्रास, कलकत्ता आणि दिल्ली या शहरांनीही त्याला माणसे पुरवली. या व्यवसायात लेखक, चित्रकार, अक्षरलेखक, रंगकाम करणारा आणि संपादक अशी निरनिराळी माणसे एकाच कथेवर राबत. मुलांच्या लक्षात मात्र पात्रे राहिली, फार तर संपादक राहिला. चौकटीमागून चौकट काढणाऱ्या चित्रकाराला त्याचे नाव, मोबदला आणि हक्क कसकसे मिळत गेले, हाच या व्यवसायाच्या इतिहासाचा गाभा आहे.

पूर्वपीठिका

चित्रांच्या ओळीतून कथा सांगण्याची रीत महाराष्ट्राला छापखान्याच्या फार आधीपासून ठाऊक होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी हे गाव आहे. तेथील ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातील आख्याने कागदावरच्या रंगीत चित्रांच्या आधारे सांगत आले. एका आख्यानाच्या चित्रसंचाला ते पोथी म्हणतात. एक चित्र श्रोत्यांसमोर धरायचे, वाद्यांच्या साथीने त्यातला प्रसंग गाऊन सांगायचा आणि मग पुढचे चित्र घ्यायचे, असा हा प्रयोग असतो. सावंतवाडी संस्थानाने या कलेला आश्रय दिला. चित्र आणि निवेदन यांची जबाबदारी येथे एकाच घराण्याकडे होती आणि पोथ्या वडिलांकडून मुलाकडे जात.

छपाईने हे नाते बदलले. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. देवदेवतांची आणि इतिहासपुरुषांची शिळाछापाची चित्रे तिने घरोघरी पोहोचवली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राम, कृष्ण, सरस्वती, शकुंतला यांचे चेहरे, दागिने आणि वस्त्रे कशी असतात, याची लोकांच्या मनातली कल्पना या छापील चित्रांनी पक्की केली. पुढे पौराणिक चित्रकथा काढणाऱ्यांना हीच कल्पना वारशाने मिळाली.

मुलांच्या मासिकांत मात्र बराच काळ चित्र मजकुराच्या सोबतीपुरते असे. ‘बालबोधमेवा’ १८७३ मध्ये आणि वा. गो. आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये सुरू झाले. अशा मासिकांतली कथा वाक्यांतून पुढे सरके आणि चित्र तिच्यातला एखादा प्रसंग दाखवी. कथेचा भार चित्रानेच उचलायचा, हे वळण नंतरचे.

पगारी चित्रकार : चांदोबा

मुलांसाठी चित्र काढणे ही कायमची नोकरी असू शकते, हे मद्रासच्या ‘चंदामामा’ने दाखवून दिले. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळ भाषांत हे मासिक सुरू केले. १९५२ पासून ते मराठीत ‘चांदोबा’ म्हणून येऊ लागले. एम. टी. व्ही. आचार्य, ‘चित्रा’ या नावाने चित्रे काढणारे टी. व्ही. राघवन, ‘शंकर’ म्हणून ओळखले जाणारे के. सी. शिवशंकरन आणि वड्डादि पापय्या हे त्याचे गाजलेले चित्रकार. खांद्यावर प्रेत टाकून तलवार उपसून चालणारा विक्रम राजा शंकर यांच्या हातचा. त्यांनी या मासिकासाठी जवळजवळ सहा दशके काम केले.

मजकूर अनेक भाषांत अनुवादित होई, पण चित्रे सर्व आवृत्त्यांत तीच असत. त्यामुळे चित्र कोणत्याही प्रांतातल्या मुलाला कळावे, हे पाहावे लागे. वेशभूषा, घरे, देवळे, झाडे यांत ओळखीचा भारतीयपणा ठेवायचा, पण तो एकाच प्रदेशाचा वाटू द्यायचा नाही, ही या चित्रकारांची मोठी कसोटी होती. पुढे बहुभाषी चित्रकथांनाही ती लागू झाली.

इंद्रजाल आणि चौकटींची सवय

चौकटी आणि संवादाचे फुगे यांतून उलगडणारी कथा इंग्रजी वृत्तपत्रांतून भारतात आलेली होती. ती भारतीय भाषांतल्या मुलांच्या हाती स्वस्तात देण्याचे काम टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने केले. मार्च १९६४ मध्ये ली फॉक यांच्या फँटमची कथा घेऊन पहिला अंक निघाला. मराठी वाचक या नायकाला ‘वेताळ’ म्हणून ओळखू लागले. मूळ चित्रपट्ट्या अमेरिकेतून येत. त्या पुस्तकाच्या आकारात बसवायच्या, जागा उरेल तेथे चित्र वाढवायचे, फुग्यांतला मजकूर बदलायचा आणि नवे मुखपृष्ठ रंगवायचे, ही कामे मुंबईत होत. फँटमच्या देशाचे मूळ नाव बंगालशी गल्लत करणारे असल्याने भारतीय आवृत्तीत ते ‘डेंकाली’ झाले. सुरुवातीची अनेक मुखपृष्ठे गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवली.

या कामातून चौकटींची भाषा जाणणारे चित्रकार घडत गेले. १९७६ मध्ये इंद्रजालने ‘बहादूर’ हा अस्सल भारतीय नायक आणला. कथा आबिद सुरती यांची आणि चित्रे ब्राह्मणिया यांची होती. डाकूचा मुलगा असलेला बहादूर गावकऱ्यांना संघटित करून डाकूंशी लढतो. आयात चित्रपट्ट्यांची जुळवाजुळव करणारा चित्रकार येथे स्वतःचे जग उभे करू लागला. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले.

अमर चित्रकथेचा कारखाना

इंद्रजालच्या आरंभीच्या काळात अनंत पै टाइम्स समूहात काम करत होते. त्यांचा जन्म १९२९ मध्ये कर्नाटकातील कार्कळ येथे झाला. लहानपणीच आईवडील गेले आणि बाराव्या वर्षी ते मुंबईला आले. त्यांचे शिक्षण रसायन तंत्रज्ञानाचे, पण ओढ मुलांच्या प्रकाशनाची. १९५४ मध्ये त्यांनी काढलेले ‘मानव’ हे मुलांचे मासिक चालले नाही. १९६७ मध्ये दिल्लीत दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणातले उत्तर देता आले, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. हे पाहून आपल्याला भारतीय चित्रकथांची निकड जाणवली, असे पै सांगत असत. इंडिया बुक हाऊसचे जी. एल. मीरचंदानी यांनी त्यांना पाठबळ दिले. ‘अमर चित्रकथा’ या मालेचे पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते. अकराव्या अंकात ‘कृष्ण’ आला आणि मालेची दिशा ठरली. ‘कृष्ण’ची चित्रे राम वाईरकर यांनी काढली होती.

पै स्वतः चित्रकार नव्हते. विषय निवडणे, संहिता लिहिणे किंवा लिहून घेणे आणि प्रत्येक पान तपासणे हे त्यांचे काम. कमला चंद्रकांत, सुब्बा राव, लुइस फर्नांडिस यांच्यासारखे लेखक-संपादक त्यांच्यासोबत होते. ‘शिवाजी’ या अंकाची संहिता मराठी मुलांना ‘फास्टर फेणे’ देणारे भा. रा. भागवत यांनी लिहिली आणि चित्रे प्रताप मुळीक यांनी काढली. ‘मीराबाई’ युसूफ बंगलोरवाला यांच्या कुंचल्यातून उतरली. कलकत्त्याचे सौरेन रॉय, तसेच एम. मोहनदास, दिलीप कदम आणि चं. म. विटणकर यांनीही मालेचे अनेक अंक घडवले. निरनिराळ्या धर्मांचे आणि भाषांचे हे कलावंत एकाच मालेसाठी पुराण, इतिहास आणि संतचरित्रे रंगवत होते, ही या व्यवसायाची अभिमानाची बाब आहे.

कॉमिक्स वाचून मुले बिघडतात, असे मानणारे पालक आणि शिक्षक त्या काळी पुष्कळ होते. पै यांनी शाळाशाळांतून जाऊन चित्रकथेची बाजू मांडली. १९७८ मध्ये शालेय शिक्षणातील चित्रकथेच्या स्थानावर दिल्लीत परिसंवादही झाला. शाळांच्या ग्रंथालयांत चित्रकथेला जागा मिळाली, तसे चित्रकारांच्या हातचे कामही वाढले. चारशेहून अधिक अंक निघाले आणि ते मराठीसह अनेक भाषांत गेले.

एका अंकाची घडण

अंक साधारणपणे बत्तीस पानांचा असे. पानावर सरासरी पाच चौकटी धरल्या, तरी चित्रकाराला दीडशेच्या आसपास चित्रे काढावी लागत. काम संहितेपासून सुरू होई. तिच्यात प्रत्येक चौकटीचा प्रसंग, निवेदन आणि संवाद लिहिलेले असत. चित्रकार आधी पानाचा कच्चा आराखडा करी. कोणता प्रसंग मोठ्या चौकटीत घ्यायचा, कोठे फक्त चेहरा दाखवायचा, पान उलटल्यावर कोणती घटना समोर यावी, याचा निर्णय येथे होई. फुग्याची जागाही आत्ताच ठरवावी लागे. बोलणारे पात्र आधी डोळ्यांत भरले पाहिजे. वाचणाऱ्या मुलाला उत्तर आधी आणि प्रश्न नंतर दिसला, तर सारी चौकट फसते.

त्यानंतर छापील आकारापेक्षा मोठ्या जाड कागदावर पेन्सिलीने चित्र काढले जाई. ते संपादकाकडे जाई आणि दुरुस्त्यांसह परत येई. राजाच्या मुकुटाचा घाट, रथाची चाके, त्या काळात नसलेली वस्तू, अशा बारीकसारीक गोष्टींवर खुणा होत. मग काळ्या शाईने ब्रश आणि टाक वापरून रेषा पक्की केली जाई. ही रेषा म्हणजे चित्रकाराची खरी ओळख. वाईरकरांची वळणदार, चपळ रेषा आणि मुळीकांची पिळदार शरीरे, भारदस्त छायाप्रकाश यांतला फरक जाणत्या वाचकाला नाव न वाचताही कळे.

अक्षरलेखन हे वेगळ्या हाताचे काम होते. देवनागरीतल्या वेलांट्या, मात्रा आणि उकार यांना ओळीच्या वर-खाली जागा लागते. इंग्रजी मजकुराला पुरणारा फुगा त्यामुळे मराठी किंवा हिंदी मजकुराला अपुरा पडे. अनुवादकाला वाक्य आखडावे लागे आणि फुगे सैल ठेवण्याचे भान चित्रकाराला ठेवावे लागे. बहुभाषी छपाईत पिवळा, लाल आणि निळा या रंगांचे साचे सर्व भाषांसाठी तेच राहतात आणि अक्षरे असलेला काळा साचा तेवढा बदलतो. हिशेब जमवण्यासाठी हे फार उपयोगी होते, कारण चित्र आणि रंग यांचा खर्च एकदाच होई.

रंगकामासाठी चित्राच्या प्रतीवर रंगांची सूचना दिली जाई आणि त्यावरून छापखाना साचे तयार करी. अमर चित्रकथेच्या सुरुवातीच्या अंकांत खर्च वाचवण्यासाठी पिवळा, निळा, हिरवा अशा मोजक्या रंगांवर भागवले जाई. पुढे पूर्ण रंगसंगती आली. महाभारतावरची बेचाळीस अंकांची माला १९८५ पासून निघाली. तिचा मोठा भार दिलीप कदम यांनी उचलला. शेकडो पात्रे अंकामागून अंक ओळखू येतील अशी ठेवणे, तरुण भीष्मापासून शरशय्येवरच्या भीष्मापर्यंत एकच चेहरा वयाप्रमाणे बदलत नेणे, हे काम एका चित्रकाराच्या चिकाटीची परीक्षा घेणारे होते.

टिंकल : हसवणारी पात्रे

१९८० मध्ये ‘टिंकल’ हे मुलांचे मासिक सुरू झाले आणि चित्रकाराला वेगळ्या प्रकारचे काम मिळाले. पौराणिक अंक एकदा पूर्ण झाला की संपे. मासिकातले पात्र मात्र दर अंकात हजर व्हावे लागे. वाचक मुलांनी पाठवलेल्या लोककथांनाही टिंकलमध्ये जागा होती. तमिळनाडूतल्या एका वाचकाने पाठवलेल्या कथांतून १९८३ मध्ये ‘सुपंडी’ उभा राहिला. त्याला लांबट डोके आणि भाबडा चेहरा दिला राम वाईरकरांनी. त्याच वर्षी लुइस फर्नांडिस आणि वसंत हळबे यांनी ‘शिकारी शंभू’ आणला. डोळ्यांवर टोपी ओढलेला हा भित्रा शिकारी केवळ योगायोगाने शूर ठरतो. ‘कालिया कावळा’ प्रदीप साठे यांनी रेखाटला आणि ‘तंत्री द मंत्री’ अशोक डोंगरे यांनी.

या पात्रांची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. शंभूचे डोळे कधीच दिसत नाहीत, म्हणून त्याची भीती किंवा आनंद दाखवायला हात, खांदे आणि ओठ एवढेच उरतात. सुपंडीचा चेहरा बाह्यरेषेवरूनही ओळखता येतो, त्यामुळे चौकट कितीही लहान असली तरी तो हरवत नाही. मुलांसाठी काढलेली रेषा साधी दिसते. तिच्यातला अनावश्यक भाग काढून टाकण्यात चित्रकाराचे कौशल्य खर्ची पडलेले असते.

पात्रे चित्रकाराच्या आयुष्याहून अधिक जगतात, हेही टिंकलने दाखवले. वाईरकर २००३ मध्ये गेले. सुपंडी त्यांची कन्या अर्चना आंबेरकर यांनी पुढे नेला. शंभू हळबे यांच्यानंतर सॅव्हिओ मस्करेन्हास यांच्याकडे आला. दुसऱ्याने घडवलेले पात्र त्याच वळणाने पुढे नेणे आणि तरी त्यात जिवंतपणा राखणे ही या व्यवसायातली वेगळी विद्या आहे.

पुणे आणि दिल्ली

मुंबईत प्रकाशक असले, तरी चित्रकारांची एक मोठी फळी पुण्यात होती. प्रताप मुळीक यांनी तेथे हाताखाली तरुण चित्रकार घेऊन काम केले. ज्येष्ठ चित्रकाराने रचना आणि मुख्य आकृत्या करायच्या, सहायकांनी पार्श्वभूमी, शाई आणि तपशील पुरे करायचे, अशा पद्धतीने काम वेळेत उरकता येते आणि शिकाऊ चित्रकाराला शाळेत न मिळणारे शिक्षण मिळते. दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९८६ मध्ये ‘नागराज’ आणला, तेव्हा त्याचे रूप मुळीक यांनीच घडवले. दिलीप कदम यांनीही राज कॉमिक्ससाठी काम केले. पौराणिक वीरांची शरीरे काढण्यात मुरलेला हात त्यांना नव्या महानायकांसाठी उपयोगी पडला.

दिल्लीच्या प्राणकुमार शर्मा यांनी वेगळी वाट धरली. १९६० मध्ये वृत्तपत्रातल्या चित्रपट्टीपासून त्यांनी सुरुवात केली आणि मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयाचा अभ्यासक्रम बाहेरून पूर्ण केला. त्यांचे ‘चाचा चौधरी’ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस ‘लोटपोट’ या मुलांच्या नियतकालिकातून पुढे आले. कथा आणि चित्र दोन्ही प्राण यांचे, आणि मुखपृष्ठावर पात्राच्या नावाआधी ‘प्राण’ ही दोन अक्षरे. मूल पुस्तक मागताना चित्रकाराचे नाव घेऊ लागले. भारतीय चित्रकथाकाराच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने ही मोठी घटना होती. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

मोबदला आणि हक्क

चित्रकथेतले बहुसंख्य चित्रकार पानाच्या किंवा अंकाच्या दराने काम करत आले. काम दिले, मानधन घेतले, येथे व्यवहार संपतो. अंकाच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या, तो आणखी भाषांत गेला, जोडअंकात पुन्हा छापला गेला, तरी पानामागे ठरलेली रक्कम तेवढीच राहते. प्रतींच्या विक्रीतला वाटा, म्हणजे स्वामित्वधन, हे कादंबरीकाराला परिचित असलेले उत्पन्न चित्रकथेच्या चित्रकाराला क्वचितच मिळाले.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. हक्क करारान्वये दुसऱ्याला देताना मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर तो भारतापुरता धरला जातो. १९९४ च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद कलावंताच्या बाजूची आहे. मात्र करारात सर्व काळासाठी आणि सर्व देशांसाठी हक्क दिल्याचे लिहून त्याखाली सही झाली, तर तिचा उपयोग राहत नाही. चित्रकथाकाराने कुंचल्याइतकेच कराराकडे लक्ष दिले पाहिजे, ते यासाठी.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनच्या रामायण-महाभारत मालिकांनी मुलांचा वेळ आणि विषय दोन्ही घेतले. अमर चित्रकथेचे नवे अंक नियमितपणे काढणे १९९१ च्या सुमारास थांबले. जुने अंक मात्र छापले जात राहिले आणि विकलेही जात राहिले. नव्या पानांवर ज्यांची चूल पेटत होती, त्या चित्रकारांना जाहिरात, पाठ्यपुस्तके आणि ॲनिमेशन यांकडे वळावे लागले. मराठीत याच वर्षी ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ सुरू झाला. निर्मात्यांच्या नावांसह लोकप्रिय झालेले हे पात्र पुढे पुस्तकांत आणि चित्रपटातही आले.

ग्राफिक नॉव्हेल आणि आजचे काम

१९९४ मध्ये ओरिजित सेन यांचे नर्मदा खोऱ्यातील धरणाच्या प्रश्नावरचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ प्रसिद्ध झाले. भारतातील पहिल्या ग्राफिक नॉव्हेलचा मान सहसा याच पुस्तकाला दिला जातो. लेखक आणि चित्रकार एकच, विषय त्याने निवडलेला आणि मुखपृष्ठावर त्याचे नाव, ही रीत या प्रकाराने रुळवली. २०११ मध्ये महाराष्ट्राच्या इतिहासाशी जोडलेली दोन पुस्तके आली. ‘भीमायन’मध्ये दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनुभव रेखाटले. त्यांनी सरळ चौकटी बाजूला ठेवून पान गोंड परंपरेच्या वळणदार नक्षीने विभागले. ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ हे जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’वर आधारलेले, लेखन श्रीविद्या नटराजन यांचे आणि चित्रे अपराजिता निनन यांची. शाळकरी वयाच्या वाचकापुढे जातीचा प्रश्न चित्रांतून ठेवता येतो, हे या पुस्तकांनी सिद्ध केले.

आजचा चित्रकथाकार बहुधा संगणकाच्या पाटीवर चित्र काढतो. पेन्सिल, शाई, रंग आणि अक्षरे हे चारही टप्पे एकाच यंत्रावर होतात आणि चूक पुसण्यासाठी पांढरा रंग लागत नाही. पण मूळ क्रम बदललेला नाही. आधी संहिता, मग छोट्या आकारातले आराखडे, मग पक्के चित्र, मग रंग, मग अक्षरे. शंभर-दीडशे पानांच्या पुस्तकाला एकट्या चित्रकाराची एक-दोन वर्षे सहज लागतात. आगाऊ रकमेवर एवढा काळ क्वचितच निभावतो. म्हणून शाळांतल्या कार्यशाळा, मुखपृष्ठे, पाठ्यपुस्तकांची चित्रे आणि जाहिरातींची कामे यांवर घर चालवत पुस्तक पुरे करावे लागते. मराठीतली अडचण आणखी वेगळी आहे. रंगीत छपाई महाग असते आणि एका भाषेतल्या विक्रीवर तिचा खर्च निघणे कठीण असते. चांदोबाच्या काळात सापडलेला बहुभाषी आवृत्त्यांचा मार्ग अजूनही सर्वांत व्यवहार्य आहे.

पिंगुळीच्या चित्रकथ्याकडे त्याची पोथी होती. ती त्याच्या मुलांकडे जात असे. छापखान्याने चित्रकाराला लाखो वाचक दिले, पण पोथीवरचा त्याचा हक्क काढून घेतला. गेल्या तीस वर्षांत मुखपृष्ठावर त्याचे नाव आले आहे. विक्रीतला त्याचा वाटा अजून पुरेसा आलेला नाही. मराठी मुलांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या गावांच्या आणि इतिहासाच्या नव्या चित्रकथा मिळायच्या असतील, तर प्रकाशकांनी चित्रकाराला लेखकाच्या बरोबरीने स्वामित्वधन दिले पाहिजे आणि पालकांनी पुस्तक निवडताना चित्रकाराचे नावही मुलांना वाचून दाखवले पाहिजे.